फायबर नसलेल्या ठिकाणी सिमवरचा राउटर बसवताना: जागा, बँड, अँटेना आणि जोडणी

कोकणातली वाडी, घाटाखालचा होमस्टे, गावाबाहेरचा गाळा, बांधकामाच्या साइटवरचं पत्र्याचं ऑफिस, तालुक्याच्या गावापासून लांब असलेलं आपले सरकार सेवा केंद्र. अशा ठिकाणी फायबर पोचेपर्यंत सिम कार्डवर चालणारा ४जी किंवा ५जी राउटर हाच कामाचा पर्याय असतो. पेटी उघडून सिम घातलं की तो दहा मिनिटांत सुरू होतो. पुढची दोन वर्षं तो धड चालेल का, हे मात्र त्याआधीच ठरलेलं असतं: तो घराच्या कोणत्या बाजूला ठेवला, कोणत्या टॉवरचा कोणता बँड (लहरींची पट्टी) त्याला मिळाला आणि तिथे इतर टॉवरांचा गोंगाट किती आहे यावर. त्यामुळे पैसे खर्च करण्याआधी एक दिवस मोजणीला द्या.

आधी मोजणी

फोनवर दिसणाऱ्या रेंजच्या दांड्यांवर जाऊ नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारी प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. अँड्रॉइड फोनवर नेटमॉन्स्टरसारखं ॲप टाका आणि त्यातले दोन आकडे बघा.

पहिला आरएसआरपी, म्हणजे टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलची ताकद. हा आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. −८० किंवा त्याहून वर असेल तर उत्तम, −९५ पर्यंत काम छान चालतं, −१०५ च्या आसपास काठावर, आणि −११० च्या खाली गेला तर बाहेरच्या अँटेनाशिवाय घरातल्या राउटरकडून फार अपेक्षा ठेवू नये.

दुसरा आकडा एसआयएनआर, काही ठिकाणी तो एसएनआर म्हणून दिसतो. आलेल्या सिग्नलमध्ये कामाचा भाग किती आणि गोंगाट किती, याचं हे माप. २० च्या वर असेल तर फारच छान, १० ते २० चांगलं, ० ते १० जेमतेम, आणि उणे असेल तर जागा बदला. वेगाच्या दृष्टीने हाच आकडा जास्त महत्त्वाचा. आरएसआरपी −८५ पण एसआयएनआर २ अशा जागेपेक्षा −१०० आणि १५ अशी जागा बहुतेक वेळा जास्त वेग देते. गावठाणात किंवा शहराच्या कडेला दोन-तीन टॉवर सारख्याच ताकदीने ऐकू येतात, तिथे दांड्या पूर्ण दिसूनही व्हिडिओ अडकतो तो यामुळेच.

मोजणी अशी करा. शेजारीपाजारी, ओळखीच्यांकडून सगळ्या कंपन्यांची चालू सिमं तासाभरासाठी मागून घ्या. एकाच फोनमध्ये एकेक घालून घरातली प्रत्येक बाहेरची खिडकी, माळा, पडवी आणि गच्ची फिरा. प्रत्येक ठिकाणी फ्लाइट मोड चालू करून बंद करा, अर्धा मिनिट थांबा, मग आकडे वहीत लिहा. वाय-फाय बंद ठेवून वेगाची चाचणीही घ्या, आणि अपलोडचा आकडा विसरू नका. मीटिंगमध्ये समोरच्याला तुमचा आवाज तुटक येतो तो बहुधा अपलोड कमी पडल्याने. सर्वांत चांगल्या दोन जागा निघाल्या की तिथे सकाळी ७, दुपारी ३ आणि रात्री ९ ला पुन्हा चाचणी घ्या. रात्री ८ ते ११ गावभर फोन चालू असतात, टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते. सकाळचा ४० एमबीपीएस रात्री ६ वर आला तर तुमच्या हातात ६ च आहेत असं समजून पुढचा हिशेब करा.

टॉवर नेमका कुठे आहे हे दूरसंचार विभागाच्या तरंग संचार या संकेतस्थळावर नकाशात दिसतं. पुढे अँटेना वळवायचा झाला तर त्याची दिशा इथूनच मिळते.

उन्हाळ्यात केलेली मोजणी पावसाळ्यात तशीच राहत नाही, हेही धरून चाला. घर आणि टॉवर यांच्यामध्ये झाडी असेल तर जुलैतली ओली, दाट पालवी सिग्नल खाते. मे महिन्यात जेमतेम चालणारी जागा आषाढात बंद पडते, म्हणून ५ डीबी (सिग्नल मोजायचं एकक) तरी हातचे राखून जागा निवडा.

कोणता बँड मिळतोय ते बघा

ॲपमध्ये बँडचा क्रमांकही दिसतो. जिओचं ४जी बँड ३, ५ आणि ४० वर चालतं. एअरटेलचा भर ३, १ आणि ४० वर, व्हीआयचा १, ३, ८ आणि ४१ वर, तर बीएसएनएलचं ४जी प्रामुख्याने २८ आणि १ वर आहे. बँड ५ म्हणजे ८५० मेगाहर्ट्‌झ: लांब पोचतो, भिंतीतून आत येतो, पण त्याची पट्टी अरुंद असल्याने वेग मर्यादित. बँड ४० म्हणजे २३०० मेगाहर्ट्‌झ: रुंद आणि वेगवान, पण दोन भिंती आड आल्या की दमतो. शिवाय ४० आणि ४१ मध्ये एकाच पट्टीवर डाउनलोड आणि अपलोड आळीपाळीने चालतात आणि वेळेचा मोठा वाटा डाउनलोडला दिलेला असतो. दिवसभर व्हिडिओ मीटिंग किंवा मोठ्या फायली पाठवणं असेल तर बँड ३ चा डाउनलोड कमी दिसला तरी तो जास्त उपयोगी पडतो.

५जीमध्ये जिओ आणि एअरटेल दोघांचाही मुख्य बँड एन७८, म्हणजे ३३०० मेगाहर्ट्‌झच्या पुढचा. टॉवर नजरेच्या टप्प्यात असेल तर त्याच्यासारखा दुसरा नाही. जिओकडे ७०० मेगाहर्ट्‌झचा एन२८ सुद्धा आहे, तो आत खोलवर पोचतो. जिओचं ५जी स्वतंत्र, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणाऱ्या पद्धतीचं असल्याने राउटरवर 'स्टँडअलोन' किंवा 'एसए' चा उल्लेख नसेल तर ५जीचा राउटर घेऊनही जिओच्या सिमवर ४जीच चालतं.

राउटर घेताना

पेटीवरचा '३०० एमबीपीएस' हा बहुतेकदा नुसत्या वाय-फायचा आकडा असतो. मोबाइलच्या बाजूचा वेग ठरवते ती राउटरची श्रेणी, म्हणजे 'कॅट'. कॅट ४ म्हणजे कागदावर जास्तीत जास्त १५० डाउनलोड आणि ५० अपलोड. कॅट ६ मध्ये दोन बँड एकत्र वापरता येतात आणि मर्यादा ३०० वर जाते. टॉवरवर गर्दी असलेल्या ठिकाणी या दुसऱ्या बँडचा फायदा रोज जाणवतो, म्हणून बजेटमध्ये बसत असेल तर कॅट ६ घ्याच.

दुकानदाराला चार गोष्टी विचारा. तो कुठल्याही कंपनीच्या सिमवर चालतो, की एकाच कंपनीला बांधलेला आहे? तुम्ही मोजलेला बँड त्यात आहे का? बाहेरचा अँटेना जोडायला एसएमए सॉकेट आहेत का? आणि फायबर आल्यावर तेच यंत्र वापरता यावं यासाठी वॅनचा पोर्ट (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या केबलची खाच) आहे का? परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या राउटरच्या बाबतीत बँडची यादी नीट वाचा. अमेरिकेसाठी बनवलेल्या अनेक मॉडेलांत बँड ४० नसतो, आणि मग जवळचा टॉवर असूनही त्याचा निम्मा उपयोग जातो.

तुमच्या भागात जिओ एअरफायबर (टॉवरवरून ५जीने येणारं घरगुती इंटरनेट) किंवा एअरटेलची तशीच सेवा मिळत असेल तर आधी तिची चौकशी करा. जिओने १९ सप्टेंबर २०२३ ला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, मुंबई-पुण्यासह आठ शहरांत ती सुरू केली आणि नंतर ती बरीच पसरली. गच्चीवरचं यंत्र कंपनीच बसवते आणि प्लॅनही घरगुती वापराला धरून असतात. ती मिळत नसेल किंवा जागा तात्पुरती असेल, तर आपला राउटर बरा.

सिम आणि पॅक

बँकेचे ओटीपी, यूपीआय किंवा आधार ज्या नंबरला जोडलेले आहेत ते सिम राउटरमध्ये कधीही घालू नका. मेसेज राउटरच्या पोटात जाऊन पडतात आणि ऐन वेळी सापडत नाहीत. वेगळं सिम घ्या, ते आधी फोनमध्ये घालून पडताळणी पूर्ण करा, एक कॉल लावून बघा, इंटरनेट चालतंय याची खात्री करा. सिमला पिन लावलेला असेल तर फोनमध्येच काढून टाका. तीन वेळा चुकीचा पिन पडला की पीयूके (सिम पुन्हा उघडायचा कंपनीचा कोड) मागितला जातो, आणि तो दहा वेळा चुकला की सिम कायमचं बाद होतं.

पॅकच्या बाबतीत हिशेब मांडा. रोज २ जीबीचा पॅक फोनला पुरतो, घराला नाही. एचडी चित्रपट तासाला ३ जीबीपर्यंत नेतो, व्हिडिओ मीटिंग तासाला साधारण १ जीबी. सर्वांत मोठा खादाड म्हणजे सतत क्लाउडवर पाठवणारा कॅमेरा: १ एमबीपीएसने चालणारा एकच कॅमेरा दिवसाला सुमारे ११ जीबी संपवतो. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर किंवा डीव्हीआरवर (घरातल्या रेकॉर्डरवर) ठेवा आणि फक्त बघायचं तेव्हाच इंटरनेट वापरा. दिवसाची मर्यादा संपली की वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे मेसेजपुरताच. दररोज ठरावीक डेटा देणाऱ्या पॅकपेक्षा महिन्याचा किंवा वर्षाचा एकगठ्ठा डेटा राउटरला सोयीचा. फोनच्या पॅकसोबत मिळणारं अमर्याद ५जी राउटरमध्ये चालेल हे गृहीत धरू नका. त्या पॅकच्या अटी वाचा.

जोडणी

राउटर बंद असतानाच सिम घाला. खाचेचा आकार मायक्रोचा असेल आणि सिम नॅनो, तर सैल प्लॅस्टिकची चौकट वापरावी लागते. तिच्यात सिम नीट बसवून मागून सेलोटेपचा पातळ तुकडा लावा, टेप सोनेरी भागावर येऊ देऊ नका. नुसती रिकामी चौकट आत ढकलली तर ती बाहेर काढताना खाचेतल्या पिना वाकतात आणि राउटर दुरुस्तीला जातो.

चालू केल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा. राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या पट्टीवर वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि व्यवस्थापनाचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ (टाइप करताना आकडे इंग्रजी). लॅपटॉप लॅन केबलने जोडून तो पत्ता ब्राउझरमध्ये उघडणं सर्वांत खात्रीचं. फोनवरून करत असाल तर मोबाइल डेटा आधी बंद करा. नाहीतर 'या वाय-फायला इंटरनेट नाही' म्हणून फोन परस्पर आपल्या डेटावर जातो आणि पान काही उघडत नाही.

बहुतेक राउटर सिम ओळखून एपीएन (कंपनीच्या इंटरनेटशी जोडणारं नाव) स्वतःच भरतात. न भरल्यास नवीन प्रोफाइल तयार करा. जिओसाठी जिओनेट, म्हणजे जे-आय-ओ-एन-ई-टी, बीएसएनएलसाठी बीएसएनएलनेट, एअरटेलसाठी एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम. सगळं इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. युजरनेम आणि पासवर्ड रिकामे. आयपीच्या प्रकारात आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही असलेला पर्याय निवडा, कारण जिओचं जाळं आयपीव्ही६ वर फार विसंबून आहे. हे प्रोफाइल 'डिफॉल्ट' म्हणून ठेवायला विसरू नका. प्रोफाइल बनवूनही इंटरनेट न येण्याचं सर्वांत साधं कारण तेच असतं. बीएसएनएलचं सिम असेल तर नेटवर्कचा प्रकार 'फक्त ४जी' करा, नाहीतर राउटर ३जीवर घसरतो आणि तिथेच रमतो.

इंटरनेट आलं की लगेच तीन कामं उरका: व्यवस्थापनाचा पासवर्ड बदला, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, डब्ल्यूपीएस (बटण दाबून वाय-फाय जोडायची सोय) बंद करा. वाय-फायची सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा. घरात आधी फोनचा हॉटस्पॉट वापरत असाल तर नव्या वाय-फायला त्याच हॉटस्पॉटचं नाव आणि पासवर्ड द्या, सगळी यंत्रं आपोआप जोडली जातात. प्रिंटर आणि स्वस्त कॅमेरे बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. ते जोडले जात नसतील तर २.४ आणि ५ ला वेगळी नावं द्या. २.४ चं चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी ज्यावर शेजाऱ्यांची गर्दी कमी ते, आणि रुंदी २० मेगाहर्ट्‌झ.

होमस्टे किंवा दुकान असेल तर पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं काढा आणि त्याला वेगाची मर्यादा घाला. सिम ज्याच्या नावावर, उत्तर त्यालाच द्यावं लागतं. म्हणून पासवर्ड भिंतीवर लिहून ठेवू नका आणि अधूनमधून बदला.

जागा आणि अँटेना

राउटर ठेवायचा तो मोजणीत एसआयएनआर सर्वांत चांगला आलेल्या खिडकीपाशी, उंचावर. जांभ्याच्या जाड भिंती, आरसीसीचे खांब, पत्रा, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी आणि चकचकीत लेप असलेली काच हे सगळे सिग्नलचे शत्रू. वाय-फाय आतल्या खोलीत पोचत नाही म्हणून राउटर घराच्या मध्यावर आणण्याचा मोह होतो, तो आवरा. राउटर खिडकीपाशीच राहू द्या आणि तिथून लॅन केबल टाकून आत एक ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारं दुसरं यंत्र) लावा. पत्र्याच्या छताखाली, विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात तो थेट पत्र्याला लागून ठेवू नका. घरगुती राउटर साधारण ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. त्यापुढे ते मंदावतात किंवा स्वतःच पुन्हा सुरू होत राहतात.

जागा ठरल्यावर राउटरच्या पानावर तेच दोन आकडे पुन्हा बघा आणि बँड निवडायची सोय असेल तर एकेक बँड लावून रात्री ९ ला चाचणी घ्या. राउटर स्वतःहून जोरदार बँड धरतो, आणि त्यावर गर्दी असली तरी तो सोडत नाही. बँड ४० वर ८ आणि बँड ३ वर १८ एमबीपीएस मिळाले तर ३ वर बांधून टाका. टॉवरवर काम चालू झालं की मात्र हे कुलूप काढून बघावं लागतं, ते लक्षात ठेवा.

बाहेरचा अँटेना हा शेवटचा उपाय, पण दरीतल्या घरांना त्याशिवाय गत्यंतर नसतं. छोट्या काडीवर '२५ डीबीआय' छापलेलं असेल तर विश्वास ठेवू नका, तेवढ्या आकारात तेवढी ताकद शक्य नाही. एका दिशेला बघणारा लॉग-पिरिऑडिक किंवा पॅनल अँटेना घ्या. ४जी दोन वाटांनी एकाच वेळी डेटा आणतं, त्यामुळे दोन अँटेना हवेत, किंवा एकाच खोक्यात दोन असलेला. एकच लावला तर वेग निम्म्याच्या आसपास येतो. दोन सुटे असतील तर एक उजवीकडे आणि एक डावीकडे ४५ अंशांत कलता बसवा.

सगळी कमाई केबलमध्ये जाते ती इथे. बाजारात सहज मिळणारी आरजी५८ केबल १० मीटर लांब टाकली तर १८०० मेगाहर्ट्‌झला ८ डीबीच्या वर सिग्नल वाटेतच जिरतो, म्हणजे अँटेनाने मिळवलेलं जवळजवळ सगळं. एलएमआर४०० जातीच्या जाड केबलमध्ये तेवढ्याच लांबीला २ डीबीच्या आसपास जातात, पण ती महाग आणि वळवायला अवघड. ५ मीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर गच्चीवर बसवायचा बाहेरचा राउटरच घ्या. त्याला वीज आणि डेटा एकाच लॅन केबलमधून जातात आणि १०० मीटरपर्यंत काही हरवत नाही. त्यासोबत आलेलाच पीओई इंजेक्टर (लॅन केबलमध्ये वीज सोडणारी डबी) वापरा. २४ व्होल्टच्या यंत्राला ४८ व्होल्ट मिळाले तर ते जळतं.

अँटेना वळवायला दोन माणसं लागतात. एक जण साधारण १५ अंशांनी फिरवेल, दुसरा मिनिटभर थांबून एसआयएनआर वाचेल. घाटातल्या गावात टॉवर डोंगराआड असेल तर कधी समोरच्या कड्यावरून परावर्तित होऊन येणारा सिग्नल थेट दिशेपेक्षा चांगला निघतो, म्हणून पूर्ण वर्तुळ फिरवल्याशिवाय नट आवळू नका. केबल घरात शिरण्याआधी तिला खालच्या बाजूने एक वळण द्या, पाणी तिथून ठिबकून जातं. जोडांवर रबरी वॉटरप्रूफ टेप गुंडाळा. किनाऱ्यालगत नट-बोल्ट आणि क्लॅम्प स्टेनलेस स्टीलचेच घ्या, साधे दोन पावसाळ्यांत गंजून अँटेना फिरतो. वळवाच्या गडगडाटात अँटेनाची केबल आणि अडॅप्टर दोन्ही काढून ठेवा.

ऑनलाइन मिळणारे मोबाइल बूस्टर विकत घेऊ नका. परवानगीशिवाय ते वापरणं बेकायदा आहे, आणि एक बूस्टर आसपासच्या सगळ्यांचा टॉवर बिघडवू शकतो. सिग्नल नुसता पकडणारा अँटेना वेगळा, त्याला अशी अडचण नाही.

लाइट गेल्यावर

राउटर बहुधा १२ व्होल्टवर चालतो आणि प्रत्यक्षात ५ ते ८ वॉट घेतो. ८००० एमएएच लिहिलेला छोटा डीसी यूपीएस म्हणजे आत साधारण ३० वॉट-तास. ६ वॉटच्या राउटरला तो जवळजवळ चार तास पुरतो. विकत घेण्याआधी अडॅप्टरवरचे व्होल्ट जुळवा. ९ व्होल्टच्या राउटरला १२ देऊ नका. टॉवरच्याही बॅटऱ्या असतात आणि त्याही संपतात: लाइट जाऊन काही तासांनी आरएसआरपी एकदम कोसळला तर बिघाड तुमच्याकडे नाही.

अडलं तर

सिम दिसतं, रेंज आहे, इंटरनेट नाही: पॅक संपला आहे का बघा, मग एपीएन. त्यातूनही नाही जमलं तर सिम फोनमध्ये घालून तपासा, म्हणजे दोष सिमचा की राउटरचा ते लगेच कळेल.

दर थोड्या वेळाने तुटतं: आधी अडॅप्टर बदला. जुना अडॅप्टर पुरेसा करंट देत नाही आणि डेटाचा भार वाढताच राउटर पुन्हा सुरू होतो. अडॅप्टर चांगला असेल तर राउटर दोन टॉवरांमध्ये हेलकावे खात असतो. बँड बांधून ठेवा किंवा जागा फूटभर सरकवा. फूटभरानेही एसआयएनआर ५ ने बदलतो.

काही संकेतस्थळं उघडतात, काही नुसती फिरत राहतात, ऑफिसचं व्हीपीएन जोडलं जातं पण पुढे हलत नाही: राउटरच्या पानावर एमटीयू (एका वेळी पाठवायच्या डेटाच्या तुकड्याची मर्यादा) १४०० वर आणून बघा.

घरातून कॅमेरा दिसतो, बाहेरगावाहून दिसत नाही: मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. राउटरला मिळालेला पत्ता १०० ने किंवा १० ने सुरू होत असेल तर तुमचा तोच प्रकार आहे. अशा वेळी पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरून आलेली जोडणी घरातल्या यंत्राकडे वळवण्यावर) वेळ घालवू नका, ते चालणारच नाही. डीव्हीआरमधला क्लाउडचा किंवा पीटूपीचा पर्याय चालू करा, क्यूआर कोड ॲपने स्कॅन करा, आणि बाहेरून बघताना ॲपमध्ये कमी दर्जाचं चित्र निवडा, म्हणजे अपलोडवर ताण येत नाही.